धाकट्याचा ढोल

३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी १६०/१००. संध्याकाळी १५८/९६.

डॉक्टर म्हणाले, रोजचे आकडे वहीत मांडा आणि त्या दिवशी काय घडलं तेही दोन ओळींत लिहा, म्हणजे रक्तदाब कशाने चढतो ते कळेल. काय घडायचंय? दुकान उघडलं, दोन खुर्च्यांच्या बैठकीतला कुजका काथ्या उपसला, दुकान बंद केलं. झाल्या दोन ओळी.

४ सप्टेंबर, बुधवार

१६२/१००. काल एक लिहायचं राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "मनावर काही ताण?" मी म्हटलं, नाही. ही शेजारीच बसली होती. ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सायकली लावायची जागा होती.

७ सप्टेंबर, शनिवार

१५८/९८. गायनमंडळाच्या संचालिका दुकानात आल्या होत्या.

ही त्या मंडळात बावीस वर्षं गाते, बायकांच्या खालच्या पट्टीत. दिवसभर ग्रंथालयात लोकांना गप्प बसवते आणि गुरुवारी संध्याकाळी स्वतः तोंड उघडते. माझा धाकटा भाऊ त्याच मंडळाच्या वाद्यवृंदात मोठा ढोल वाजवायचा. सोफा-खुर्च्यांना गाद्या आणि कापड चढवायचं हे दुकान धाकट्याने आणि मी एकतीस वर्षं चालवलं. गेल्या वर्षी जुलैत तो गेला. हृदय. चौदा महिने झाले. संचालिकाबाईंच्या हातात सतत ती बारीक पांढरी काडी असते म्हणून त्याने त्यांचं नाव काडीबाई ठेवलं होतं. आमच्या घरात तेच चालतं.

काडीबाई अर्धा तास हवेबद्दल बोलल्या, मग माझ्या तब्येतीबद्दल, मग एका खुर्चीचं कापड बोटांनी चाचपत बसल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. शेवटी म्हणाल्या, "मोठ्या ढोलाचं चामडं फाटलंय."

"ते काम धाकटा करायचा."

"तुम्ही शेजारी उभे असायचात ना."

ते खरं आहे. आठ वर्षांपूर्वी त्याने चामडं बदललं तेव्हा कडं मीच धरलं होतं. म्हटलं, पाठवा.

"नोव्हेंबरात कार्यक्रम आहे," त्या दारातून वळून म्हणाल्या. "या वेळी फार मोठी रचना घेतली आहे. ढोलाशिवाय ती उभीच राहणार नाही."

१० सप्टेंबर, मंगळवार

ढोल आला. दोन माणसांनी मिळून गाडीतून उतरवला. उभा केला तर माझ्या छातीपर्यंत येतो. ठेवायचा कुठे? दुकानात एवढी मोकळी जागा फक्त धाकट्याच्या टेबलावर. तो गेल्यापासून त्यावर चादर टाकलेली होती. चादर काढली. त्याची कात्री, दाभणं, मेणाचा गोळा, चष्म्याचं रिकामं घर, सगळं एका खोक्यात भरून फळीवर ठेवलं. पाच मिनिटांचं काम. उगाच एवढे महिने राहिलं.

चामड्याची चीर बघितली. हातभर लांब, सरळ, कडा साफ. चामडं जुनं होऊन फाटतं तेव्हा वेडंवाकडं फाटतं. उंदराने कुरतडलं असतं तर ते कळलं असतं. मंडळाचं सामान शाळेच्या एका खोलीत असतं, तिथे कुठल्या तरी पत्र्याला घासलं असावं. अशा वस्तूची निगा राखायला नको?

चामडं कापायची माझी सुरी पंधरा दिवस सापडत नव्हती. आज स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात मिळाली. हिला विचारलं तर म्हणाली, तुम्हीच ठेवली असेल. वय झालं, दुसरं काय. १६०/९८.

१८ सप्टेंबर, बुधवार

नवं चामडं सकाळी गार पाण्यात भिजत घातलं. दुपारपर्यंत मऊ झालं, हातातून निसटायला लागलं. ते लाकडी कड्यावर पसरायचं आणि कडेची पट्टी चमच्याच्या दांड्याने आत खोचत जायचं. हे एकट्याचं काम नाही. एकाने ओढायचं, दुसऱ्याने खोचायचं. कुणाला बोलवावं या विचारात होतो तेवढ्यात ही आली. तिने आज सुट्टी घेतली होती, कशासाठी ते सांगितलं नाही. पदर खोचला आणि समोरच्या बाजूने चामडं धरलं.

तासभर आम्ही ढोलाभोवती गोल फिरत होतो. मध्येच म्हणाली, "इतका वेळ समोरासमोर आपण याआधी कधी उभे होतो?"

मी म्हटलं, "ओढ. सैल पडतंय."

तिने ओढलं. हिच्या हातात जोर आहे. पुस्तकांच्या थप्प्या उचलून आला असेल.

२४ सप्टेंबर, मंगळवार

चामडं सहा दिवस सावलीत वाळवलं. आज चारी बाजूंनी थोडे थोडे पेच आवळले आणि नीट बसलंय का बघायला मुठीने एकदा मारलं. काचेच्या दारापासून खिळ्यांच्या डब्यांपर्यंत सगळं थरारलं. शेजारचा किल्लीवाला धावत आला. दारात थांबला. म्हणाला, "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. चांगला बोलतोय ढोल." आणि निघून गेला. त्या माणसाचं वाक्य कधी पुरं होत नाही.

१५२/९४.

२६ सप्टेंबर, गुरुवार

ढोल पोचवायला शाळेच्या सभागृहात गेलो. पोचवून परत यायचं, एवढंच ठरलं होतं.

धाकट्यानंतर तिथे ढोल वाजवायला एक बसचालक आहे. उंच, लाजाळू माणूस. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. जिन्यावरून पडला म्हणे. काडीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजच्या दिवस उभे राहता का? चारच ठोके आहेत."

"मला वाचता येत नाही ते."

"शाळेच्या बँडमध्ये तुम्ही होतात ना? धाकट्याला काठ्या धरायला तुम्हीच शिकवलंत, तो सांगायचा."

शाळेच्या बँडला पन्नास वर्षं झाली. पण ऐंशी गाणारे आणि चाळीस वाजवणारे माझ्याकडे बघत असताना शेपूट घालून जिना उतरणं शोभलं नसतं. उभा राहिलो. ही मात्र वहीत डोकं घालून बसली होती, जणू मला ओळखतच नाही.

माझ्या डाव्या हाताला दोन नगारे. ते वाजवणारा गृहस्थ दंतवैद्य आहे. त्याने माझ्यासमोर कागद ठेवला. उभ्या रेघा मारून घरं केलेली, प्रत्येक घरात चार मात्रा. बहुतेक घरं रिकामी. एके ठिकाणी नुसताच आकडा: ११२. मी विचारलं, हे काय?

"एकशे बारा घरं गप्प बसायचं," तो म्हणाला. "मोजत."

३ ऑक्टोबर, गुरुवार

बसचालकाचा हात अजून तसाच. पुन्हा उभा राहिलो. चार ठोक्यांपैकी दोन चुकले.

येताना हिला विचारलं, हे नक्की गाता काय तुम्ही? शब्द तर एकही कळत नाही. तिने रस्ताभर समजावलं. ती मृतांसाठीची प्रार्थना आहे, फार जुनी. दीडशे वर्षांपूर्वी एका संगीतकाराने आपला आवडता लेखक गेल्यावर तिला चाल लावली, एवढे आवाज आणि एवढी वाद्यं घेऊन. सुरुवातीला, गेलेल्यांना विश्रांती दे. मग कोपाचा दिवस, ज्या दिवशी सगळं जळून राख होईल. माझे चार ठोके तिथले. मग रडण्याचा दिवस. मग पुन्हा प्रकाश, आणि अगदी शेवटी एकटी बाई म्हणते, मला सोडव.

"एवढं मोठं?" मी म्हटलं. "माणूस गेला की गेला."

कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण घ्यायचा होता, तो घेतला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

घरी सोफ्याच्या गादीवर सराव करतो. ही टेबलाच्या कडेवर बोटांनी मात्रा देते. ते चार ठोके सरळ येत नाहीत, हाच त्रास. सगळे मिळून किंचाळतात, थांबतात आणि त्या थांबण्याच्या नेमक्या नंतर, पाय उचलून खाली ठेवावा एवढ्या वेळाने, मी मारायचं. आज चारही बरोबर आले. तिसऱ्या ठोक्याला पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या हातातून वही पडली. मला बरं वाटलं, खोटं का बोला.

मग दंतवैद्याने शेवटचं पान काढलं. तिथे अकरा घरं दोन्ही मोगऱ्यांनी, म्हणजे टोकाला लोकर चढवलेल्या काठ्यांनी, घुमवत राहायचं, इतकं हळू की ऐकू येऊ नये, नुसतं जाणवावं. माझं ऐकू येतं. तो म्हणाला, "मोठा आवाज कुणीही काढेल. दात उपटणं सोपं असतं. नस न दुखवता आत शिरणं अवघड."

मी विचारलं, धाकट्याला यायचं का हे?

"हो," तो म्हणाला, आणि नगाऱ्याला कान लावून बराच वेळ त्याचा सूर तपासत बसला.

आज आकडे घ्यायचे राहिले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

काथ्या आणायला बसने गेलो. चालक तोच. दोन्ही हातांनी चाक फिरवत होता, प्लास्टर नाही, गळ्यात पट्टी नाही. उतरताना म्हटलं, "हात बरा दिसतोय."

तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "गाडी चालवायची परवानगी आहे. ढोल वाजवायची नाही."

खरं आहे, ढोलाला खांदा लागतो. तरी त्याला म्हटलं, घाई करू नका, हाडाचं दुखणं आयुष्यभर पुरतं. त्याने पार पुढच्या थांब्यापर्यंत मला आरशातून हात केला.

२७ ऑक्टोबर, रविवार

धाकटीबाई आली होती. धाकट्याची बायको म्हणून घरात सगळे तिला हेच म्हणतात. औषधांच्या दुकानात काम करते. तिच्या घरी मी गेल्या वर्षीच्या जुलैनंतर गेलेलो नाही. कामं असतात. ही जाते अधूनमधून, ते पुरे आहे.

तिने कापडात गुंडाळलेल्या दोन मोगऱ्या आणल्या. धाकट्याच्या. डोक्यावरची लोकर मीच चढवून दिली होती, टाके माझेच आहेत.

"मंडळाच्या मोगऱ्या जड आहेत म्हणे, दादा. हळू वाजवायला या बऱ्या."

तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, "ठेव तिथे." ती जरा वेळ थांबली. "चहा घेते का विचारा तरी," ही आतून म्हणाली. मी विचारलं. तोवर धाकटीबाईने चपला घातल्या होत्या.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आज पहिल्यांदा सगळं एका दमात गायले. रडण्याच्या दिवसात मला ढोल नाही, नुसतं उभं राहायचं. आधी खालच्या आवाजातल्या बायका सुरू करतात, म्हणजे हिचीच रांग. तिला मी मागून बघत होतो. खांदे दिसतात, आंबाडा दिसतो. बावीस वर्षं ती दर गुरुवारी घराबाहेर पडते. मला वाटायचं, चार घटका माझ्यापासून सुटका म्हणून जाते. असा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. घरी ती गात नाही.

सभागृहात फार धूळ आहे. डोळ्यांत गेली. बाहेर जाऊन पाणी प्यायलो. पुढची अकरा घरं चुकली ती त्यामुळे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

१६८/१०४. मी सकाळी हिला सांगितलं, मला हे जमणार नाही, काडीबाईंना कळव.

ती शांतपणे म्हणाली, "का?"

"नाचता येईना अंगण वाकडं, असं समज. धूळ सोसत नाही."

तिने गॅस बंद केला. टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, "सोळा महिने मी एकटी रडतेय. माझ्या वाटचं रडून झालं, आता तुमच्या वाटचंही मीच रडतेय. धाकटीबाई म्हणते, दादांनी सगळं किती व्यवस्थित केलं, गाडी, फुलं, माणसं, कुठे काही कमी पडलं नाही. सोफा पोचवावा तसा पोचवलात तुम्ही त्याला. मी काही म्हणाले? नाही म्हणाले. पण आता माझ्यातही दम राहिला नाही हो."

एकोणचाळीस वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मी दुकानात निघून गेलो.

१ नोव्हेंबर, संध्याकाळ

ही वही तिसरं कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

तो गेला तो शुक्रवार. आदल्या दिवशी, गुरुवारी, पाच वाजता तो हात धूत होता, तालमीला जायची घाई. रविवारी त्यांचा कार्यक्रम होता. म्हणाला, "दादा, या वेळी तरी ये. तुझ्यासाठी खुर्ची सांगून ठेवलीय." वीस वर्षं तो सांगायचा आणि वीस वर्षं मला काम असायचं. मी एका स्प्रिंगशी झटत होतो, ती बसत नव्हती. मान वर न करता म्हटलं, "ढोल वाजवणाऱ्याला बघायला कोण येतं?"

तो काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. दार वाजलं एवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीबाईचा फोन आला.

एवढंच. बाकी काही ताण नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी हिला म्हटलं, गुरुवारी जातो तालमीला. "बरं," म्हणाली. दुपारी डबा उघडला तर नेहमीच्या दुप्पट होतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

कार्यक्रमाची पत्रकं छापून आली. हिने गठ्ठा घरी आणला आणि सरळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी म्हटलं, बघू तरी. म्हणाली, छपाईत चूक आहे, बघू नका. मी विचारलं, मग परत का नाही करत? तर म्हणे, चूक लहान आहे. लहान आहे तर दाखवायला काय हरकत? पण हिच्या तोंडाला कोण लागणार. फोनवर मात्र काडीबाईंना म्हणत होती, "नाही, अजून पाहिलं नाही त्यांनी." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसा हिचा चेहरा. एवढी काय घोडचूक छापली असेल?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटची तालीम. चार ठोके चोख. अकरा घरं पहिल्यांदाच मनासारखी घुमली. मी मोगऱ्या खाली घेतल्यावर दंतवैद्याने माझ्याकडे न बघता मान हलवली. धाकट्याच्या मोगऱ्या खरंच हलक्या आहेत.

बसचालक मागच्या बाकावर बसून ऐकत होता. त्याने टाळी वाजवली, दोन्ही हातांनी, आणि मग लगेच हात गळ्यातल्या पट्टीत घातला. त्याला पुन्हा एकदा सांगितलं, असे झटके देऊ नका.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

कार्यक्रम दुपारी चारला होता. नगरसभागृह भरलेलं. आम्ही सगळ्यांत मागे, उंच पायरीवर. कागद लावायच्या स्टँडवर कुणी तरी पत्रक ठेवलं होतं. मी उघडलं. छपाईतली चूक शोधत होतो. पहिल्या पानावर रचनेचं नाव, खाली काडीबाईंचं, आणि त्याखाली बारीक अक्षरात: आमच्या ढोलवाल्याच्या आठवणीसाठी. मागच्या रांगेत उभा राहून त्याने आम्हा सगळ्यांना सांभाळलं.

मी हिच्याकडे बघितलं. ती पहिल्यांदाच मागे वळून माझ्याकडे बघत होती. मग काडीबाईंची काडी वर गेली.

सुरुवात इतकी हळू आहे की लोक अजून खोकत असतात. मी मोजत होतो. कोपाचा दिवस आला. चारही ठोके दिले. असे दिले की पायाखालची फळी हलली. तेव्हा मला राग आला होता. धाकट्याचा, स्वतःचा, त्या न बसणाऱ्या स्प्रिंगचाही. दंतवैद्य घामाने भिजला होता.

मग एकशे बारा घरं. मोजत गेलो, साठपर्यंत, सत्तरपर्यंत. खालच्या आवाजातल्या बायकांनी रडण्याचा दिवस सुरू केला आणि माझं मोजणं सुटलं. पुन्हा धरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. इतके दिवस मी हे ऐकलंच नव्हतं, नुसतं मोजलं होतं. आता ऐकायला लागलो. धाकटा वीस वर्षं या जागेवर उभा राहून हे ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन काथ्या पिंजायचा. तो गुणगुणायचा तेव्हा मी म्हणायचो, रेडिओ बंद कर.

एकट्या बाईचं ते शेवटचं "मला सोडव" आलं, गेलं. अकरा घरं आली. दंतवैद्याने कोपराने खूण केली. माझ्या दोन्ही हातांत मोगऱ्या होत्या, वर उचललेल्या, आणि मी तसाच उभा. गाणारे कुजबुजीवर आले, तरी मी उभा. सगळं संपलं.

मी वाजवलंच नाही.

मागच्या खोलीत काडीबाई सरळ माझ्यासमोर आल्या. मी काही कारण शोधलं नाही.

"शेवटी ढोल आला नाही," त्या म्हणाल्या.

"ऐकत होतो."

त्या बघत राहिल्या. मी म्हटलं, "मी याआधी कधीच आलो नव्हतो हो. एकदाही."

काडीबाईंनी काडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाल्या, "उद्या पुन्हा आहे चारला. उद्या वाजवा." मग माझा दंड जरा दाबला आणि गेल्या.

आम्ही चालत घरी निघालो. बागेच्या कुंपणालगतच्या बाकावर मी बसलो आणि हिला ते वाक्य सांगितलं. ढोल वाजवणाऱ्याला बघायला कोण येतं. मला वाटलं ती उठून जाईल. ती म्हणाली, "माहीत आहे."

"कसं?"

"त्याच संध्याकाळी तालमीत त्याने सगळ्यांना सांगितलं. तुमची नक्कल करून. मान खाली घालून, एक डोळा मिटून, स्प्रिंग दाबत. मागची सगळी रांग हसून हसून लोळली. दंतवैद्य अजून कुणी नवीन आला की तेच सांगतात, ढोल वाजवणाऱ्याला बघायला कोण येतं."

"त्याला राग नव्हता आला?"

"राग कसला? म्हणाला, दादा येणार एक दिवस. पण दुकान बंद करून, कुलूप तीनदा ओढून बघून येणार. तोवर आमचा कार्यक्रम संपलेला असेल."

मी हसायला लागलो. हसता हसता पुढे जे व्हायचं ते झालं. बराच वेळ झालं. हिने माझं डोकं खांद्यावर धरून ठेवलं. एक माणूस कुत्रं घेऊन जात होता, तो थांबला आणि काही हवंय का विचारलं. ही म्हणाली, "नको. झालं म्हणायचं एकदाचं."

१७ नोव्हेंबर, रविवार

आज वाजवलं.

एकशे बारा घरं मोजलीही आणि ऐकलीही. दोन्ही एकदम करता येतं. शेवटचं पान आलं. मोगऱ्या चामड्यावर ठेवल्या आणि नुसता मनगटांचा भार सोडला. आवाज कुठून येतोय ते मलाच कळेना. जमिनीतून यावा तसा आला. त्यावर ऐंशी माणसं कुजबुजत होती, त्यांत हिचा आवाज मला वेगळा काढता आला. अकरावं घर संपलं. कुणी टाळी वाजवली नाही, किती तरी वेळ. काडीबाईंनी हात खाली घेतल्यावरच लोक उठले.

लोक निघून गेले, वाद्यं पेट्यांत गेली. मी ढोलाचे पेच सैल करत बसलो होतो, चामडं ताणलेलं ठेवू नये म्हणून. धाकटीबाई पायऱ्या चढून वर आली. ढोलाच्या दुसऱ्या बाजूला एक खुर्ची होती, तीवर बसली. चामड्यावर तळवा ठेवला.

मी म्हटलं, "तुझ्या घरी यायला हवं होतं मी."

"हो," ती म्हणाली. "यायला हवं होतं."

मग तिने विचारलं, "दादा, तो लहानपणी कसा होता? मला तो तिशीत भेटला. त्याआधीचं तुम्हालाच माहीत."

मी पेच बाजूला ठेवला. म्हटलं, पाच वर्षांचा होता, माझ्या बँडच्या काठ्या पळवायचा. मी त्या उंचावर ठेवल्या तर स्वयंपाकघरातले दोन लाकडी चमचे घेतले आणि बाबा झोपले होते त्यांच्या पोटावर वाजवायला लागला. बाबांनी डोळे न उघडता सांगितलं, वाजवायचंच तर नीट वाजव, आणि मला हाक मारली, याला शिकव. मी त्याच्या मागे बसून त्याचे दोन्ही हात धरले. बोटं चिकट होती, काहीतरी गोड खाल्लेलं. धाकटीबाई हसली. मी पुढचं सांगितलं, मग त्याच्या पुढचं. ही खाली पहिल्या रांगेत कोट घालून बसून होती, तिने घाई केली नाही.

सभागृहाचा रखवालदार दिवे मालवायला दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तोही बसला.